‘स्वेच्छेने’ या शब्दाची किंमत

एक प्रश्न अलीकडे आपल्यापैकी अनेकांच्या घरी येऊन बसला आहे. साहेबांनी केबिनमध्ये बोलावून सांगितले, “तुमची जागा आता राहणार नाही. शनिवारपर्यंत राजीनामा द्या, नाहीतर आम्हाला काढावे लागेल.” अशा वेळी काय करावे? स्वतः सोडावे, की त्यांनी काढेपर्यंत थांबावे?

घरातले, शेजारचे, अगदी साधनेत मुरलेले ज्येष्ठसुद्धा बहुधा एकच उत्तर देतात. स्वतः सोडलेले बरे, निदान मान राहतो. मला हे उत्तर पटत नाही. ते का पटत नाही, हे आपल्यासमोर मांडते. आपणही त्यावर चिंतन करावे.

हे उत्तर आले कुठून ते आधी पाहू. रायपूरच्या तात्यापारा, बुढापारा भागांत मराठी घरे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. कोणी सरकारी कचेरीत, कोणी रेल्वेत, कोणी शाळेत, आणि १९५९ साली भिलाईची पहिली झोतभट्टी पेटल्यावर कोणी तिकडे. आजोबांच्या पिढीत नोकरी लागली की ती निवृत्तीपर्यंत. मध्येच कोणी घरी येऊन बसला, तर त्याने पैसे खाल्ले असणार किंवा साहेबावर हात उगारला असणार, असे लोक धरून चालत. म्हणून ‘त्याला काढलं’ या दोन शब्दांना आजही गुन्ह्याचा वास येतो.

खरे तर आपल्या भाषेत यासाठी वेगवेगळे शब्द आहेत. गैरवर्तन केले म्हणून घालवतात ती बडतर्फी. काम उरले नाही, पैसा उरला नाही म्हणून माणसे कमी करतात ती कपात. पहिल्यात माणसाच्या वागण्याचा निवाडा असतो, दुसऱ्यात नसतो. जुलै २०२५ मध्ये टीसीएसने आपले सुमारे दोन टक्के, म्हणजे बारा हजारांहून अधिक कर्मचारी कमी करणार असल्याचे जाहीर केले. त्या बारा हजारांनी काही चोरी केली होती का? पण घरी बोलताना आपण दोन्हींना ‘काढलं’ हा एकच शब्द वापरतो आणि कपात झालेला माणूस बडतर्फ झाल्यासारखी मान खाली घालतो. ही लाज त्याची नाहीच. ती आपल्या बोलण्यातल्या आळसाने त्याच्या माथी मारलेली आहे.

आता एक प्रत्यक्ष उदाहरण सांगते. आमच्या साप्ताहिक अभ्यासवर्गाला येणारे एक दादा आहेत. सिलतऱ्याच्या औद्योगिक पट्ट्यातल्या एका कारखान्यात ते सात वर्षे हिशेबाचे काम करत होते. मूळ पगार २६,००० रुपये. एके दिवशी त्यांच्यासमोर टाइप केलेला कागद आला. “मी वैयक्तिक कारणास्तव, स्वेच्छेने राजीनामा देत आहे.” खाली नाव छापलेले, फक्त सहीची जागा मोकळी. दादांनी विचारले, “माझे वैयक्तिक कारण काय, ते मलाही सांगा.” समोरच्या अधिकाऱ्याला हसू आले म्हणतात. तोही बिचारा नोकरच.

मी कॉमर्सची विद्यार्थिनी आहे, त्यामुळे आधी आकडे मांडल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. दादांचे ग्रॅच्युइटीचे पैसे दोन्ही बाजूंनी सारखेच. पाच वर्षे सलग सेवा झालेल्याला राजीनामा दिला तरी ग्रॅच्युइटी मिळते. महिना २६ दिवसांचा धरून दर वर्षाला १५ दिवसांचा पगार, म्हणजे १५,००० गुणिले सात, एक लाख पाच हजार. फरक पडतो तो पुढे. कामगाराची कपात करायची असेल, तर एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार आणि सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षासाठी १५ दिवसांचा सरासरी पगार भरपाई म्हणून द्यावा लागतो. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याने घालून दिलेला हा नियम नव्या औद्योगिक संबंध संहितेतही कायम राहिला आहे. दादांच्या बाबतीत ही भरपाई सुमारे ९१,००० आणि नोटिशीचे २६,०००, मिळून एक लाख सतरा हजार होते. राजीनाम्यावर सही केली की यातला एक रुपयाही देण्याचे बंधन मालकावर उरत नाही. कारण कायद्याच्या दृष्टीने त्यांना कोणी कमी केलेलेच नसते. ते स्वतःच निघून गेलेले असतात.

(कायद्याचे हे संरक्षण ‘कामगार’ या व्याख्येत बसणाऱ्यांना आहे. कारकुनी काम करणारे त्यात येतात, व्यवस्थापक येत नाहीत. आपला हुद्दा कोणता आणि प्रत्यक्ष काम कोणते, हे जाणकाराला दाखवून घ्यावे. व्हिजिटिंग कार्डावर ‘मॅनेजर’ छापले म्हणून कोणी मॅनेजर होत नाही.)

म्हणजे ‘स्वेच्छेने’ या शब्दाची किंमत एका घरापुरती एक लाख सतरा हजार रुपये झाली. मान राहतो म्हणून जी सही करायची, ती इतकी महाग पडते, आणि हे पैसे एकट्या दादांचे नाहीत. त्यांत मुलीची फी आहे, आईची औषधे आहेत. आपला मान राखायला घरच्यांचे देणे सोडून देण्याला मी वैराग्य म्हणणार नाही.

पण पैशांपाशी थांबले तर हा लेख आपल्या वाचनात येण्याचे कारण नव्हते. मला अधिक टोचतो तो त्या कागदातला खोटेपणा. इच्छा दुसऱ्याची आणि सही आपली.

या ठिकाणी आपल्याच शहरातल्या एका मराठी माणसाची आठवण काढावीशी वाटते. माधवराव सप्रे. १९ जून १८७१ रोजी दमोह जिल्ह्यातल्या पथरिया गावी त्यांचा जन्म झाला, शिक्षणासाठी ते बिलासपूर आणि रायपूरला राहिले आणि २३ एप्रिल १९२६ रोजी रायपुरातच त्यांचे निधन झाले. बुढातालाबाजवळच्या सप्रे शाळेवरून आपण रोज जातो, ती त्यांच्याच नावाची. त्या काळी बी. ए. झालेल्या तरुणाला सरकारी नोकरीचे दार उघडे असे. सप्रे त्या दारातून आत गेले नाहीत. पेंड्र्याच्या राजकुमाराला इंग्रजी शिकवण्याचे काम त्यांनी धरले आणि १९०० च्या जानेवारीत तिथूनच ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक सुरू केले. जेमतेम तीन वर्षे ते चालले. या मातीतल्या हिंदी पत्रकारितेचा आरंभ एका मराठी भाषकाच्या हातून झाला, हे आपल्या मुलांना सहसा सांगितले जात नाही.

पुढे एप्रिल १९०७ मध्ये त्यांनी नागपूरहून ‘हिंदी केसरी’ काढला आणि ऑगस्ट १९०८ मध्ये त्यांना राजद्रोहाच्या आरोपाखाली अटक झाली. तुरुंगात काही महिने गेले. घरच्यांचा, विशेषतः थोरल्या भावाचा, आग्रह अनावर झाला आणि सप्र्यांनी माफीपत्रावर सही केली. ते सुटले. पण त्या सहीने त्यांना सोडले नाही. ते सार्वजनिक जीवनातून बाजूला झाले, वर्ध्याच्या हनुमानगडावर जाऊन राहिले, समर्थांच्या संप्रदायाच्या रीतीने मधुकरी मागून जगले. त्या काळाच्या मागोमाग त्यांच्या हातून दासबोधाचा हिंदी अनुवाद झाला, आणि १९१६ च्या सुमारास टिळकांच्या ‘गीतारहस्या’चा.

सप्र्यांनी चूक केली की बरोबर, हा निवाडा करायला मी ही गोष्ट सांगत नाही. भावाच्या डोळ्यांतले पाणी पाहून केलेल्या सहीला दोष देणारे आपण कोण? मला त्यात वेगळेच दिसते. सरकारी नोकरी नाकारून त्यांनी आयुष्यभराचा निश्चित पगार गमावला, मासिक तोट्यात बंद पडले, पण या नुकसानापायी ते कधी वनवासात गेल्याचे आपल्याला दिसत नाही. त्यांना घरदार सोडायला लावले ते एका कागदाने, ज्यावर अक्षर त्यांचे होते आणि इच्छा त्यांची नव्हती. मी या संकेतस्थळासाठी हिंदीतून मराठीत अनुवाद करते, ते उलट दिशेने करत असत. एक शब्द अडला की मला त्यांची आठवण येते. दुसऱ्याचे म्हणणे आपल्या लेखणीने लिहिणे हेच अनुवादकाचे काम, पण खाली तो ‘अनुवाद’ असे प्रामाणिकपणे छापलेले असते. राजीनाम्याच्या त्या टाइप केलेल्या कागदावर तसे काही छापलेले नसते.

आपण म्हणाल, दबावाखाली दिलेला प्रत्येक राजीनामा खोटाच का? नाही. प्रा. रघुनाथ धोंडो कर्वे यांचे उदाहरण घ्या. मुंबईच्या विल्सन कॉलेजात ते गणित शिकवत. १९२१ साली त्यांनी संततिनियमनाचे केंद्र सुरू केले आणि त्या विषयावर ते उघडपणे लिहू-बोलू लागले. हे कार्य सोडा किंवा कॉलेज सोडा, अशी वेळ त्यांच्यावर आली आणि १९२५ साली त्यांनी कॉलेज सोडले. जुलै १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक त्यांनी हालअपेष्टांत, १९५३ साली डोळे मिटेपर्यंत चालवले. त्यांची सगळी मते आपल्यापैकी अनेकांना रुचणार नाहीत, मलाही रुचत नाहीत. पण त्या राजीनाम्याकडे पाहा. दबाव पुरेपूर होता, तरी निवड खरी होती. त्यांच्यापुढे प्रश्न ठेवला गेला तो त्यांच्या स्वतःच्या आचरणाचा. एक गोष्ट बंद केली असती तर नोकरी टिकली असती. त्यांनी ती बंद केली नाही. म्हणून तो राजीनामा त्यांचा होता.

दादांना असे काय विचारले गेले? काहीच नाही. त्यांनी काय केले असते म्हणजे नोकरी टिकली असती? काहीही नाही. जागा जाणार हे ठरलेलेच होते. त्यांच्याकडून हवी होती ती फक्त शाई. हा भेद मला फार महत्त्वाचा वाटतो. आपल्यावर अशी वेळ आली, तर मनाला हाच प्रश्न विचारून पाहावा. मी काही वेगळे वागलो तर ही नोकरी राहील का? राहणार असेल, तर निवड आपली आहे, आणि मग ज्या वागण्यासाठी नोकरी जाते ते वागणे त्या मोलाचे आहे का, हे आपणच ठरवावे. राहणार नसेल, तर तो निर्णय दुसऱ्याचा आहे. ज्याचा निर्णय त्याने तो स्वतःच्या नावाने लिहावा.

याच कसोटीवर उलट बाजूही तपासता येते. कधी कधी कोणी आपल्याला काढत नसते, उलट राहा म्हणत असते, आणि तरी सोडणे भाग असते. चिंतामणराव देशमुख आयसीएस होऊन मध्यप्रांतात रुजू झाले होते, आपले रायपूरही तेव्हा त्याच प्रांतात. पुढे ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले आणि नंतर देशाचे अर्थमंत्री. १९५६ साली मुंबई महाराष्ट्रापासून वेगळी ठेवण्याच्या निर्णयाला विरोध म्हणून त्यांनी मंत्रिपद सोडले. त्यांना उद्याच्या जेवणाची भ्रांत नव्हती, हे खरेच. आपल्यातल्या बहुतेकांची स्थिती तशी नसते. तरी एखाद्या अकाउंटंटला खोटी बिले नोंदवायला सांगितली, एखाद्या मुलीला गिऱ्हाइकाची फसवणूक करून विमा विकायला सांगितला, तर तिथे कपातीची आणि भरपाईची वाट पाहत बसणे बरोबर नाही. प्रत्येक दिवसाच्या पगाराबरोबर त्या कामातला वाटाही घरी येतो. अशा ठिकाणी राजीनाम्यात ‘वैयक्तिक कारण’ लिहिले तर मात्र ते शब्दशः खरे असते.

आणि एक तिसरा प्रकार, ज्याबद्दल आपण कमी बोलतो. मन उडालेले आहे, सोडायचे तर आहे, पण कपात होणार अशी कुणकुण लागली आहे. मग पैसे घेऊनच जाऊ, असे म्हणून माणूस टेबलापाशी नुसता बसून राहतो. थांबण्यात मला दोष दिसत नाही. २०००-०१ मध्ये सरकारी बँकांतल्या सुमारे एक लाख लोकांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली, तेव्हा योजना येण्याची वाट पाहणारेही त्यांत असतीलच. प्रश्न आहे तो मधल्या दिवसांचा. पूर्ण काम करून थांबलात, तर तो हिशेबीपणा. अर्धे काम करून थांबलात, तर रोजचा अर्धा पगार कोणाच्या तरी खिशातून घेतलेला आहे, आणि आपले उरलेले काम शेजारच्या टेबलावरचा सहकारी ओढत असतो.

गीतेच्या अठराव्या अध्यायात त्यागाचे जे तीन प्रकार सांगितले आहेत, ते आपण अभ्यासवर्गात अनेकदा वाचतो. कष्ट होतील या भयाने कर्तव्य टाकणे हा राजस त्याग, आणि त्याचे फळ त्यागाचे नव्हे. मला वाटते, ‘काढून टाकले असे लोक म्हणतील’ या भयाने दिलेला राजीनामा याच रांगेत बसतो. बाहेरून तो त्यागासारखा दिसतो. शांतपणे उठून गेला, एक शब्द बोलला नाही, किती समाधानी माणूस, असे कौतुकही होते. आत मात्र भीती असते. सोडणे आणि सोडायला घाबरणे यांत जितके अंतर, तितकेच सोडणे आणि घाबरून सोडणे यांतही आहे.

यावर एक आक्षेप येतो आणि तो टाळण्यासारखा नाही. पुढच्या नोकरीत विचारतात, आधीची का सोडली? राजीनामा असेल तर अनुभवपत्र नीट मिळते, वाद घातला तर कंपनी कागद अडवते, चार ठिकाणी फोन करून नाव खराब करते. घराचा हप्ता डोक्यावर असलेल्या माणसाला सत्याचे धडे देणे सोपे आहे. हे मला मान्य आहे. ज्याने अशा वेळी सही केली, त्याला मी खोटा म्हणणार नाही. पण त्या खोलीत, त्याच बैठकीत, समोर पेन धरलेले असताना सही करू नये, एवढे तरी आपण एकमेकांना सांगू शकतो. कागद घरी आणावा. जाणकाराला दाखवावा. ‘वैयक्तिक कारणास्तव’ खोडून ‘कंपनीच्या सूचनेवरून’ लिहिण्याचा आग्रह धरावा. परस्पर संमतीने वेगळे होत असू, तर किती पैसे, कोणत्या तारखेला, अनुभवपत्रात काय मजकूर, हे सारे आधी लेखी घ्यावे. आणि पुढच्या मुलाखतीत कपात झाली असे सरळ सांगता येते. ज्यांच्या स्वतःच्या कार्यालयात कपाती झाल्या आहेत, ते लोक हे उत्तर ऐकून दचकत नाहीत.

दादांनी तो कागद घरी आणला. वहिनींनी तो वाचला आणि म्हणाल्या, “यात आपल्या घरातले एकही वाक्य नाही.” दुसऱ्या दिवशी दादांनी लेखी उत्तर दिले की मी राजीनामा देऊ इच्छित नाही, जागा कमी करायची असेल तर नियमाप्रमाणे पत्र द्यावे. पत्र लगेच आले नाही. पुढचे दिवस कठीण गेले. खुर्ची हलवली, संगणकाचा पासवर्ड बदलला, जेवणाच्या टेबलावर लोक गप्प झाले. त्या महिन्याचे जीएसटीचे विवरणपत्र मात्र त्यांनी वीस तारखेच्या आत भरून दिले, दुसऱ्याच्या संगणकावर बसून. सुमारे पाच आठवड्यांनी कपातीचे पत्र आणि हिशेब हातात पडला. भरपाई पूर्ण नव्हती. उरलेल्यासाठी कामगार कार्यालयात अर्ज दिलेला आहे, आणि तो किती काळ चालेल ते सांगता येत नाही.

त्यानंतरच्या रविवारी ते अभ्यासवर्गाला आले आणि शेवटच्या रांगेत बसले. अशा वेळी आपण काय करतो, हे मी पाहत होते. एकाने म्हटले, “सगळी त्याची इच्छा.” दुसऱ्याने विचारले, “पण तुम्हालाच का काढलं?” तिसऱ्याने आपल्या भाच्याचे उदाहरण दिले, ज्याला काढल्यावर दुप्पट पगाराची नोकरी लागली होती. दादा सगळ्यांना “हो, हो” म्हणत होते. प्रसाद वाटून झाल्यावर रेल्वेतून निवृत्त झालेले एक काका त्यांच्याजवळ जाऊन बसले. चष्मा पुसत म्हणाले, “उद्या सकाळी मोकळा आहेस ना? माझे पेन्शनचे कागद दोन वर्षे तसेच पडलेत. तुझ्यासारखा हिशेब समजणारा माणूस हवा होता. चहा घरीच घे.”